आणंदचे दोघे: एक पुढारी, एक मॅनेजर

लिंक्डइनवर एक चित्र अधूनमधून फिरत असतं. एका बाजूला बॉस खुर्चीत बसलेला, आणि माणसं त्याला दोरीनं ओढतायत. दुसऱ्या बाजूला लीडर सगळ्यांच्या पुढे, दोरी स्वतःच्या खांद्यावर. खाली लाइक्सचा पाऊस. मला त्या चित्रातली एक गोष्ट नेहमी खटकते. दोरी कुणी आणली, ओढणाऱ्यांना मजुरी वेळेवर मिळाली का, याचा त्यात पत्ताच नसतो. व्यवस्था बघणारा माणूस तिथे फक्त खलनायक म्हणून उरतो.

या विभागणीला अभ्यासाचा आधार आहे. हार्वर्डचे अब्राहम झालेझनिक यांनी 1977 साली एक लेख लिहून विचारलं होतं, की मॅनेजर आणि लीडर ही वेगळ्या घडणीची माणसं असतात का? त्यांचं उत्तर ‘हो’ होतं. मॅनेजरला शिस्त आणि नियंत्रण हवं असतं, लीडरला अनिश्चिततेत राहता येतं, असा त्यांचा रोख होता. पुढे या विषयावर पुस्तकांचे ढीग पडले. पण मला हा फरक सगळ्यात नीट कळला तो ‘अमूल’च्या सुरुवातीच्या इतिहासातून. तिथे ही दोन कामं दोन वेगळी माणसं करत होती आणि दोघांना एकमेकांची गरज होती.

संपाचे पंधरा दिवस

1940च्या दशकात लोणी म्हटलं की पॉलसन. मुंबईत खुशामत करण्याला ‘पॉलसन लावणं’ म्हणायचे, इतकं ते नाव घराघरांत होतं. पॉलसनची डेअरी होती गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या आणंदला. आजचा गुजरातचा हा भाग तेव्हा मुंबई प्रांतातच होता. 1945 साली सरकारनं शहराला दूध पुरवण्यासाठी ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ सुरू केली आणि खेड्यातलं दूध गोळा करून मुंबईला पाठवायचं काम पॉलसनकडे गेलं. मुंबईकराला दूध मिळालं, कंपनीला नफा मिळाला. म्हैस पाळणाऱ्याच्या हाती मात्र दलाल देईल तेवढंच पडत राहिलं.

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. पटेलांचा सल्ला असा, की दलाल नको असेल तर दूध गोळा करणं, त्यावर प्रक्रिया करणं आणि ते विकणं हे सगळं स्वतःच्या हातात घ्या. त्यांनी मोरारजी देसाईंना खेड्याला पाठवलं. 4 जानेवारी 1946 रोजी समरखा गावात सभा झाली. गावोगाव सहकारी सोसायट्या काढायच्या, आणि सरकार त्यांचं दूध घ्यायला तयार नसेल तर पॉलसनला थेंबही द्यायचा नाही, असं ठरलं. पंधरा दिवस संप चालला. लोकांनी दूध जमिनीवर ओतलं, पण विकलं नाही. सरकार नमलं. 14 डिसेंबर 1946 रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली.

संघाचे अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल. गांधींच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, खादी घालणारे. त्यांनी गावागावात फिरून लोकांना सोसायटीत आणलं. दोनचार म्हशी असणाऱ्या माणसाला रोजचं उत्पन्न जमिनीवर ओतायला सांगायचं आणि त्यानं ते ऐकायचं, हे कुठल्या नियमावलीनं होत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास असावा लागतो. त्रिभुवनदासांचं भांडवल हा विश्वास होता.

आंबलेलं दूध

पण नुसत्या विश्वासानं दूध टिकत नाही. 1948 साली संघानं पाश्चरायझेशन सुरू केलं तेव्हा रोजचं दूध होतं सुमारे 250 लिटर. यंत्रं जुनाट होती आणि सारखी बंद पडायची. मुंबई चारशेहून जास्त किलोमीटरवर. वाटेत आंबलेलं दूध तिथे नाकारलं जायचं. संप जिंकलेली संस्था नादुरुस्त यंत्रापायी बुडायची वेळ आली होती.

त्याच आवारात सरकारी क्रीमरीत एक तरुण इंजिनिअर नाइलाजानं दिवस काढत होता. व्हर्गीस कुरियन, जन्म कालिकतचा, शिक्षण अमेरिकेतल्या मिशिगनचं. सरकारी शिष्यवृत्तीच्या बदल्यात नोकरी करणं भाग होतं म्हणून 13 मे 1949 रोजी ते आणंदला आले. गाव त्यांना अजिबात आवडलं नव्हतं, आणि सहकाराची ओढ वगैरेही नव्हती. त्रिभुवनदास यंत्रं दुरुस्त करून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. शेवटी कुरियन यांनी सांगून टाकलं, की हे भंगार फेका आणि नवं यंत्र घ्या. किंमत सुमारे 40,000 रुपये. त्रिभुवनदासांनी पैसे उसने आणले आणि यंत्र मागवलं. कुरियन यांची सरकारी नोकरीतून सुटका झाली, तेव्हा यंत्र बसवून देईपर्यंत तरी थांबा, अशी गळ त्रिभुवनदासांनी घातली. कुरियन थांबले ते कायमचे.

या प्रसंगात त्रिभुवनदासांनी काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. यंत्रातलं आपल्याला कळत नाही हे त्यांनी मान्य केलं, ज्याला कळतं तो माणूस हेरला आणि त्याच्या शब्दावर कर्ज काढलं. नेतृत्व म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणं, ही कल्पना इथे अपुरी पडते.

वचन आणि कारखाना

गावच्या सोसायटीचं सभासदाला एक साधं वचन होतं: सकाळ-संध्याकाळ तू आणशील ते दूध आम्ही घेऊ. ते पाळणं भयंकर अवघड होतं. म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. मुंबईची गरज मात्र वर्षभर साधारण तेवढीच. हिवाळ्यातलं जास्तीचं दूध परत पाठवलं तर सभासद पुन्हा दलालाच्या दारात जाणार.

उपाय एकच होता. जास्तीच्या दुधाची भुकटी करायची. पण जगभर भुकटी व्हायची ती गाईच्या दुधाची, आणि म्हशीच्या दुधाची होणार नाही असं परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. कुरियन यांचे मित्र, डेअरी तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. 31 ऑक्टोबर 1955 रोजी नेहरूंनी नव्या कारखान्याचं उद्घाटन केलं.

म्हणजे बघा, वचन दिलं पुढाऱ्यानं आणि ते पाळता आलं कारखान्यामुळे. गावात दुधातली फॅट मोजणं, त्यानुसार रोखीनं पैसे देणं, गुरांच्या डॉक्टरांच्या फिरत्या गाड्या, हे सगळं मॅनेजमेंट. कंटाळवाणं आणि रोजचं. पण गरीब बाईला जेव्हा सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी मोजून मिळतात, तेव्हा तिच्यासाठी सहकार म्हणजे तेच पैसे असतात, भाषण नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी. त्रिभुवनदास काँग्रेसचे मोठे नेते होते, राज्यसभेवरही गेले. तरी डेअरीच्या रोजच्या कारभारात त्यांनी राजकारण शिरू दिलं नाही. कुरियन यांना मोकळं रान मिळालं ते त्या आडोशामुळे. 1963चा मॅगसेसे पुरस्कार समाजनेतृत्वाच्या विभागात तिघांना मिळून मिळाला: त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी. मॅनेजर आणि सरकारी अधिकारीही त्या यादीत होते. लीडर-मॅनेजरच्या कप्प्यांत माणसं बसवणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

नक्कल कशाची करता येते?

ऑक्टोबर 1964 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री अजरपुरा गावात एका शेतकऱ्याकडे मुक्कामाला राहिले, आणि देशभर असे ‘आणंद’ उभे करा असं त्यांनी कुरियन यांना सांगितलं. 1965 साली राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ स्थापन झालं. कारखान्याचा आराखडा दुसरीकडे नेता आला, उपविधी नेता आले. त्रिभुवनदास कुठून नेणार? अनेक राज्यांत संघांवर सरकारी अधिकारी बसले आणि कुरियन त्याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले. आपल्याकडे तर सहकारी संस्थेचं अध्यक्षपद ही विधानसभेची पायरी झाली. कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ची निवडणूक कशी आमदारकीच्या चुरशीनं लढवली जाते, ते आपण बघतोच.

आपल्या आठवणीतही हा तोल ढळलाय. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (1976) पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केला. विजय तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटील यांची बिंदू. त्यात शहरातून डॉक्टर येतो आणि गाव हलतं. त्रिभुवनदासांसारखं पात्र त्यात नाहीच. शेवट मात्र अचूक आहे. डॉक्टर निघून जातो आणि सोसायटी सांभाळायला गावातलाच भोला उभा राहतो.

त्रिभुवनदास 1970च्या दशकात पायउतार झाले. निरोप देताना सभासदांनी प्रत्येकी एक रुपया काढला आणि सुमारे सहा लाखांची थैली त्यांना दिली. त्यांनी त्यातून गावांतल्या आया आणि मुलांच्या आरोग्यासाठी संस्था काढली. कुरियन 1973 पासून गुजरातच्या दूध संघांच्या महासंघाचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांचा नोकर म्हणवून घेणारा माणूस आता स्वतःच सर्वोच्च खुर्चीत होता, आणि तिथे तो 33 वर्षं राहिला. 2006 साली जिल्हा संघांच्या अध्यक्षांशी संघर्ष विकोपाला गेला आणि त्यांनी राजीनामा दिला.

कुरियन यांचं मोठेपण यानं कमी होत नाही. पण त्यांना आडोसा देणारा आणि वेळ आल्यावर थांबवू शकणारा माणूस त्यांच्या वर उरला नव्हता, असं मला वाटतं. नव्या नोकरीत, स्टार्टअपमध्ये किंवा गावच्या सोसायटीत शिरताना बॉस लीडर आहे की मॅनेजर, हे विचारून फारसं कळत नाही. लोकांना वचन कोण देतंय, ते रोज पाळतंय कोण, आणि ते दोघं एकमेकांचं ऐकतात का, एवढं बघावं.