सेसमी स्ट्रीट : डावीकडे वळणारा रस्ता?

गेल्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना एका मित्राने कोपरखळी मारली, "अरे, तू म्हणे लेकीला कार्टूनसुद्धा पक्ष बघून दाखवायचास!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना गाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं.

कबुली देऊन टाकतो. आमचं घर डावीकडे झुकलेलं. वडील राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलेले, घरात 'साधना' साप्ताहिक यायचं, आणि टीव्हीवर आम्ही काय बघायचं हेही वडीलच ठरवायचे. पुढे एम.एस.साठी अमेरिकेत आलो, आयटीतली नोकरी धरली, लेक झाली आणि ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. ती तीन वर्षांची असताना मी बंदुकांची आणि खेळण्यांच्या जाहिरातींची कार्टून्स बाजूला सारली आणि 'सेसमी स्ट्रीट' व 'मिस्टर रॉजर्स'चे जुने भाग लावले. हे कार्यक्रम माझ्या विचारांच्या जवळचे का वाटतात, याचा इतिहास मात्र मी नंतर वाचला. तो आपल्या सगळ्यांना सांगण्यासारखा आहे.

सुरुवात झाली ती १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या एका घरगुती जेवणात. टीव्हीच्या निर्मात्या जोन गँझ कूनी यांच्याकडे कार्नेगी संस्थेचे लॉइड मॉरिसेट जेवायला आले होते. त्यांची छोटी मुलगी पहाटे उठून कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीची टीव्हीवरची नुसती पट्ट्यांची चित्रं बघत बसायची. यातून प्रश्न निघाला, की मुलं एवढी चिकटून बघतात, तर टीव्ही त्यांना काही शिकवू शकेल का?

काळही तसा होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध मोहीम पुकारली होती आणि गरीब घरांतल्या मुलांसाठी १९६५ मध्ये 'हेड स्टार्ट' ही बालवाडीची योजना सुरू झाली होती. शाळेत पाऊल ठेवण्याआधीच ही मुलं मागे पडू नयेत, हा त्यामागचा विचार. सेसमी स्ट्रीट त्याच विचारातून आलं. सुमारे ८० लाख डॉलर उभे राहिले. त्यातले निम्मे सरकारचे, बाकीचे मुख्यतः कार्नेगी आणि फोर्ड या संस्थांचे. १० नोव्हेंबर १९६९ रोजी पहिला भाग दिसला.

त्या आधी मुलांच्या कार्यक्रमात असायचे राजवाडे, सर्कशी नाहीतर परीचे देश. इथे मात्र शहरातल्या जुन्या वस्तीची गल्ली होती, दारासमोर पायऱ्या आणि कचऱ्याचा डबा. गल्लीच्या मध्यभागी राहायचं ते गॉर्डन आणि सुसान हे कृष्णवर्णीय जोडपं. सल्लागारांत हार्वर्डचे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स होते. रोजच्या बारीकसारीक अपमानांना 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हे नाव १९७० मध्ये त्यांनीच दिलं. दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली १९५० च्या दशकात डाव्या विचारांच्या संशयावरून काळ्या यादीत गेलेले नट होते. समता, बंधुता असले शब्द मात्र कोणी उच्चारत नव्हतं. सगळे एका गल्लीत राहायचे, एवढंच.

पण तेवढंही काहींना पुष्कळ झालं. १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने हा कार्यक्रम दाखवायचा नाही असं ठरवलं. कारण एकच : काळी-गोरी मुलं एकत्र खेळताना दिसतात. बातमी वर्तमानपत्रात फुटली, बोभाटा झाला आणि २२ दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला.

आता गंमत बघा, टीका डावीकडूनही झाली. सुसान नुसती गृहिणी का, असं स्त्रीवाद्यांनी विचारलं, आणि पुढे सुसान नर्स झाली. १९७१ मध्ये बीबीसीने तर हा कार्यक्रम घ्यायलाच नकार दिला. तिथल्या बालविभागाच्या प्रमुख मोनिका सिम्स यांना त्यात हुकूमशाही वृत्ती दिसली. मुलांच्या वागण्याला एका साच्यात घालण्याचा हा प्रयत्न आहे, असं त्यांचं मत. हे वाचताना मला जरा टोचलंच. लेकीसाठी कार्यक्रम निवडताना मी तरी दुसरं काय करत होतो?

मिस्टर रॉजर्सची गोष्ट आणखी विचारात पाडते. फ्रेड रॉजर्स हे प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि मतदारनोंदणीने रिपब्लिकन. मे १९६९ च्या एका भागात ते उन्हात पाण्याच्या टबात पाय सोडून बसतात आणि पोलिसाची भूमिका करणाऱ्या कृष्णवर्णीय फ्रान्स्वा क्लेमन्सना बोलावतात. दोघं एकाच पाण्यात पाय बुडवतात, एकाच टॉवेलने पुसतात. बस्स. पण पाचच वर्षांपूर्वी, जून १९६४ मध्ये, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी एका मोटेलच्या मालकाने तलावात उतरलेल्या आंदोलकांना हुसकावण्यासाठी पाण्यात अ‍ॅसिड ओतलं होतं. तेव्हा मी ज्यांना 'डावी' मूल्यं म्हणत होतो, ती कुठल्या एका पक्षाची जहागीर नव्हे.

आपल्याकडेही असाच एक प्रयत्न झाला. 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा छोटा कार्टूनपट आठवतो ना? जाळं घेऊन उडणाऱ्या चिमण्यांचा? दूरदर्शनवर आपण तो कितीदा पाहिला. तो विजया मुळे या मराठी बाईंनी केला होता, फिल्म्स डिव्हिजनसाठी, म्हणजे सरकारी पैशातूनच.

आणि इथेच खरी गोम आहे. असे कार्यक्रम जाहिरातींवर सहसा उभे राहत नाहीत, त्यांना सार्वजनिक पैसा लागतो. पैसा सार्वजनिक म्हटला, की त्यावर भांडणही सार्वजनिक होतं. २००५ मध्ये 'पोस्टकार्ड्स फ्रॉम बस्टर'च्या एका भागात दोन आया असलेलं कुटुंब दिसलं म्हणून शिक्षणमंत्र्यांनीच हरकत घेतली आणि पीबीएसने तो भाग वाटला नाही. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा दोन वर्षांचा सुमारे ११० कोटी डॉलरचा निधी रद्द केला. पुढच्याच महिन्यात, १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाने काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सेसमी स्ट्रीट त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर गेलं. पीबीएसवरही ते राहिलं ही समाधानाची गोष्ट. कारण ज्या मुलांसाठी ते सुरू झालं, त्यांच्या घरी महिन्याची वर्गणी भरायला पैसे असतीलच असं नाही.

लेक आता बारा वर्षांची आहे. मागे एकदा तिला तो टबाचा प्रसंग पुन्हा दाखवला. ती म्हणाली, "बाबा, यात विशेष काय आहे?" मला आधी आनंद झाला. मग मी तिला त्या तलावातल्या अ‍ॅसिडची हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग हे त्यांनी तिथे का नाही सांगितलं?"

त्या मित्राला द्यायचं उत्तर मला तेव्हा मिळालं. टीव्हीने फार तर गल्ली दाखवावी, तिथे कोण कोण शेजारी राहतं ते दाखवावं. त्या गल्लीत यायला कोणाला काय सोसावं लागलं, हे सांगायचं काम आईबाबांचं. ते रिमोटवर सोडता येत नाही, मग आपण डावे असू की उजवे.