पांगळ्या पिलाचें ऋण



नुकत्याच अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलाचे पाय हा कांहीं इतिहासाचा विषय नव्हे, असें आपणांस वाटेल. राजे, लढाया आणि तह यांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां मलाही तसेंच वाटत असे. परंतु गेल्या पावसाळ्यांत माझ्या नातवानें बाजारांतून कोंबडीचें एक पिलूं आणलें. त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंस फाकले होते व तें पोटावर सरपटत होतें. हें जन्मतःच पांगळें आहे, जगावयाचें नाहीं, असा निकाल मीं देऊन टाकला. शेजारच्या एका जाणत्या बाईंनीं मात्र खोक्यांतील गुळगुळीत वर्तमानपत्र काढून तेथें खरबरीत फडकें अंथरलें, आणि मऊ कापडाच्या पट्टीनें दोन्ही पाय बेताच्या अंतरावर सैलसे बांधले. चौथ्या दिवशीं पट्टी सोडली, तों पिलूं चालूं लागलें! दोष पिलाचा नव्हता. निसरड्या कागदाचा होता.

पाय पाहावयाचे, पण पायांखालचें व पुढ्यांतलें पाहावयाचें नाहीं, ही माणसाची फार जुनी चूक आहे. ती सुधारण्याचा आरंभ पिलांपासून नव्हे, मोठ्या कोंबड्यांपासून झाला. इ. स. १८८९ च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथें, म्हणजे आजच्या जकार्ता शहरीं, ख्रिस्तियान आयक्मान हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे जंतु शोधीत होता. एकाएकीं त्याच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांचे पाय लटपटूं लागले आणि कांहीं महिन्यांनीं, कारण न कळतां, त्या बऱ्याही झाल्या. चौकशीअंतीं उलगडा झाला. त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतून पांढऱ्या सडीक तांदळाचा भात मिळत असे. पुढें आचारी बदलला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना घालण्यास नव्या आचाऱ्यानें नकार दिला! मग त्यांना साधा असडीक तांदूळ मिळूं लागला व पाय सावरले. सडतांना फेंकून दिलेल्या कोंड्यांतच औषध होतें. १९०१ सालीं खेरिट ग्रिन्स यानें त्याचा खरा अर्थ लावला, कीं हा रोग कशाच्या विषानें नव्हे, तर कशाच्या तरी उणिवेनें होतो. आयक्मानला १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पिलांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत उबवणीचीं यंत्रें सर्रास चालूं लागलीं. आईच्या पंखाखालून निघून उन्हांत माती उकरणारें पिलूं आतां भर हिवाळ्यांतही बंद खोलींत वाढूं लागलें. आणि तेथें एक विकार बळावला. थोड्याच आठवड्यांत हाडें मऊ पडत, पाय वाकत आणि पिलें बसकण मारीत. कोणी जमिनीच्या उष्णतेला बोल लावी, कोणी जादा खाण्याला, कोणी वाणाला. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील हार्ट, हॅल्पिन व स्टीनबॉक यांनीं १९२० पासून या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. १९२३ पर्यंत हें स्पष्ट झालें कीं, उघड्या उन्हांत सोडलेल्या किंवा कॉड माशाच्या यकृताचें तेल दिलेल्या पिलांचे पाय सरळ राहतात. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन मात्र कामाचें नाहीं. कारण हवे असलेले किरण कांच अडवून धरते. लहान मुलांचा मुडदूस तो हाच!

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या वर्गांत वाकड्या पायांचा एक मुलगा होता. कवायतींत तो मागें पडे, आणि आळशी म्हणून मी त्याला उन्हांत उभा करीत असें. पुढें कांहीं कामानिमित्त त्याच्या घरीं गेलों. चाळीच्या तळमजल्यावरची ती खोली. दुपारींही दिवा लावावा लागे. ज्या उन्हाची मी त्याला शिक्षा देत होतों, तेंच त्याचें औषध होतें. मीं त्याचे पाय पाहिले होते. घर पाहिलें नव्हतें.

या पिलानें शास्त्रज्ञांनाही धडे दिले. १९३२ सालीं स्टीनबॉक व त्याचे सहकारी यांना आढळलें कीं, वनस्पतिज द्रव्यावर किरण पाडून केलेलें जें ड जीवनसत्त्व उंदराला पुरतें, तें पिलाला पुरत नाहीं. माशाचें तेल मात्र पुरतें. हें जीवनसत्त्व एकाच प्रकारचें नाहीं, हें असें पिलाच्या पायांवरून कळलें.

उपायाचा अतिरेकही अंगाशीं येतो. हाडें बळकट व्हावींत म्हणून खाण्यांत हाडांची पूड वाढविली, तों दुसरेंच दुखणें वाढलें. घोट्याचा सांधा सुजे, त्यामागची कंडरा आपल्या खांचेंतून सरके आणि पाय एका बाजूस वळे. १९३६ सालीं कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्गस, नॉरिस व ह्यूझर यांनीं दाखवून दिलें कीं, यास मँगेनीज या धातूची कणभर उणीव कारण होते आणि हाडांच्या पुडीचा अतिरेक ती उणीव वाढवितो. हें मँगेनीज विपुल कोठें सांपडतें? तांदळाच्या आणि गव्हाच्या कोंड्यांत! जावांत फेंकलेला कोंडा पुन्हां दारीं आला.

तिसरी तऱ्हा बोटें आंत मुडपण्याची. ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, कमी पडलें कीं पायाच्या मज्जातंतूंना इजा होते आणि पिलूं मुठी मिटल्यासारखें घोट्यांवर चालतें. दूध, यीस्ट व हिरवा पाला यांत हें तत्त्व आहे. वेळीं दिलें तर बोटें उलगडतात. मज्जातंतु कायमचे बिघडल्यावर कांहीं चालत नाहीं. सरकलेली कंडराही मँगेनीज दिल्यानें जागेवर येत नाहीं. ज्याला उपाय म्हणावयाचें, तो आधींच करावा लागतो.

प्रत्येक लंगडेपणा मात्र खाण्यापिण्यानें जात नाहीं. हंगेरीच्या योझेफ मारेक यानें १९०७ सालीं वर्णिलेला पक्षाघात विषाणूमुळें होतो. १९७० च्या सुमारास त्यावर लस आली आणि ती पिलाला पहिल्याच दिवशीं टोंचतात.

आज कारखान्यांत तयार होणाऱ्या पिलांच्या खाद्यांत हीं सर्व तत्त्वें मोजून मिसळलेलीं असतात. त्या मोजमापामागें हजारों पांगळ्या पिलांची साक्ष आहे. त्यांना दुबळ्या वाणाचीं ठरवून मान मुरगळणें सोपें होतें. पुढ्यांतलें खाणें तपासणें कठीण होतें. सनावळ्या शिकवितांना मीं मुलांना जें सांगावयास हवें होतें, तें हेंच. कोणी अडखळूं लागला, तर त्याच्या जन्माला दोष देण्यापूर्वीं त्याच्या पायांखालीं काय आहे, ताटांत काय आहे आणि त्याच्या घरांत ऊन येतें कीं नाहीं, एवढें तरी पाहावें. माझा तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें मला क्षमा करावी.