स्वदेहाविरुद्धचे पाप : ख्रिस्ती विचारपरंपरेतील एका संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

चोरीने शेजाऱ्याचे नुकसान होते, मूर्तिपूजेने ईश्वराचा अवमान होतो, असे ख्रिस्ती नीतिशास्त्र सांगते. पापाला अशा रीतीने एक पीडित पक्ष असतो. परंतु मनुष्याने स्वतःच्याच देहाविरुद्ध पाप केले असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा अपराधी आणि पीडित एकच ठरतात व हा देह नेमका कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. या शब्दप्रयोगाचे मूळ पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. तेथे तो वेश्यागमनाच्या संदर्भात आला आहे. पुढील शतकांत मात्र त्यामागील मालकीचा विचार आत्मच्छेद, अतिरेकी तप आणि प्रामुख्याने आत्महत्या या विषयांकडे वळला. अखेरीस त्याने कायद्याचे रूप घेतले आणि मृतांचे दफन व त्यांच्या वारसांची मालमत्ता यांवरही त्याचे परिणाम झाले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

करिंथचा संदर्भ

रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेले करिंथ इ. स. पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरच्या पुढाकाराने रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविण्यात आले. तेथे आणून वसविलेल्या लोकांत मुक्त केलेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. अफ्रोडाइटीच्या मंदिरातील सहस्र देवदासींची जी कथा करिंथच्या वर्णनात वारंवार सांगितली जाते, ती स्ट्रॅबोने जुन्या नगराविषयी सांगितलेली आहे आणि तीही आज अनेक अभ्यासकांना विश्वसनीय वाटत नाही. पौलाच्या काळातील करिंथ हे दोन बंदरांमधील एक गजबजलेले व्यापारी नगर होते, इतके म्हणणे पुरेसे आहे.

पौलाने हे पत्र साधारणपणे इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यान इफिस येथून लिहिले. आपल्याला सर्व गोष्टींची मुभा आहे, अशी भूमिका तेथील काही ख्रिस्ती मंडळी घेत होती. अन्न पोटासाठी व पोट अन्नासाठी, दोन्ही नाशवंत, तेव्हा देहाने काय केले याला महत्त्व नाही, असा त्यांचा युक्तिवाद असावा. पौल याला विरोध करतो. जारकर्म करणारा स्वतःच्या देहाविरुद्ध पाप करतो, देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि श्रद्धावान मनुष्य मोल देऊन विकत घेतलेला असल्यामुळे स्वतःचा धनी नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. यातील शेवटची प्रतिमा गुलामांच्या बाजारातील आहे. ज्या नगरात अनेकांचे वाडवडील विकत घेतले गेले होते, तेथे तिचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

या वचनात एक अडचण आहे. इतर प्रत्येक पाप देहाबाहेर घडते, असेही पौल त्याच ठिकाणी म्हणतो. मग मद्यपान आणि खादाडपणा यांचे काय? आत्मघाताचे काय? हिप्पोचा बिशप संत ऑगस्टिन (३५४-४३०) याने या एकाच वचनावर एक प्रवचन केले असून त्याचा अर्थ लावणे अवघड असल्याचे त्यानेही मान्य केले आहे. आधुनिक भाष्यकारांपैकी काही जण हे वाक्य पौलाचे नसून करिंथकरांचे घोषवाक्य आहे व पौल ते उद्धृत करून खोडून काढतो, असे मानतात. या स्पष्टीकरणाने अडचण सुटते हे खरे. परंतु मूळ ग्रीक मजकुरात अवतरणचिन्हे नसल्यामुळे ते सिद्ध करता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पौलाने येथे देहाचा कैवार घेतला आहे. देह तुच्छ म्हणून जारकर्म वर्ज्य, असे त्याचे म्हणणे नाही. देहाचे पुनरुत्थान होणार आहे आणि म्हणूनच त्याचा गैरवापर हा अपराध आहे.

आत्मच्छेद व तपाची मर्यादा

देहाला शत्रू मानणारी प्रवृत्ती तरीही ख्रिस्ती समाजात लवकरच बळावली. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर याने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथात अलेक्झांड्रिया येथील एका ख्रिस्ती तरुणाचा उल्लेख येतो. ख्रिस्ती लोक गुप्तपणे स्वैराचार करतात या आरोपाला उत्तर म्हणून त्याने वैद्याकडून अंडच्छेद करून घेण्याची परवानगी प्रांताधिपती फेलिक्स याच्याकडे मागितली. रोमन कायद्याने असा छेद निषिद्ध होता. परवानगी नाकारली गेली आणि तरुणाने तसेच ब्रह्मचर्य पाळले. जस्टिन हा प्रसंग अभिमानाने सांगतो. एका शतकात दृष्टिकोन किती बदलला होता, याची कल्पना यावरून येते.

ओरिजेन (सु. १८५-सु. २५३) याने तारुण्यात मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील षंढांविषयीचे वचन शब्दशः घेऊन स्वतःचा छेद केला, असे इतिहासकार युसेबियस लिहितो. काही आधुनिक इतिहासकारांना हे वृत्त शंकास्पद वाटते. स्वतः ओरिजेनने उत्तरायुष्यात मत्तयवरील भाष्यात असा शब्दशः अर्थ घेण्याचा स्पष्ट निषेध केला आहे. तो निषेध अनुभवातून आला की केवळ पांडित्यातून, हे प्रत्येक वाचकाने ठरवावे.

अशी उदाहरणे तुरळक नसावीत. इ. स. ३२५ च्या नायसीयाच्या धर्मपरिषदेने संमत केलेला पहिलाच नियम याविषयी आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी ठरते. आजारपणात वैद्याने किंवा रानटी टोळ्यांनी ज्याचा छेद केला असेल त्याने धर्मसेवेत राहावे. मात्र प्रकृती धडधाकट असताना ज्याने स्वतःहून तो केला असेल त्याला पदावरून दूर करावे, असे हा नियम सांगतो. जखम एकच असली तरी परिषदेने फरक केला तो हेतूमध्ये. चौथ्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या, प्रेषितांच्या नावावर चालणाऱ्या नियमांनी यापुढे जाऊन अशा मनुष्याला आत्मघातकी आणि ईश्वरी सृष्टीचा शत्रू ठरविले. गृहस्थाने असे केल्यास त्याला तीन वर्षे प्रभुभोजनापासून वंचित ठेवण्यात येई. अंगच्छेद आणि आत्महत्या यांना एका पंक्तीत बसविणारा हा निर्णय महत्त्वाचा आहे.

त्याच शतकात आशिया मायनरमधील गांग्रा येथील धर्मपरिषदेने विवाहाला व मांसाहाराला पापमय समजणाऱ्या, रविवारी हट्टाने उपवास करणाऱ्या विरक्तांना बहिष्कृत ठरविले. म्हणजे देहाचा उपभोग आणि देहाचा छळ या दोहोंवर चर्चने बंधने घातली. वाळवंटातील तपस्व्यांना मात्र या बंधनांची झळ फारशी लागली नाही. सिरियातील सिमियन स्टायलाइटिस पाचव्या शतकात कित्येक वर्षे स्तंभाच्या माथ्यावर राहिला आणि संतपदाला पोहोचला. व्यक्तीचे तप चर्चला चालत होते, पण त्यातून निराळा पंथ उभा राहू लागला की ते पाप ठरे, असा निष्कर्ष या घटनांवरून काढल्यास तो अन्यायाचा होणार नाही.

ऑगस्टिन : शील आणि आत्महत्या

छळाच्या काळात शीलरक्षणासाठी नदीत उडी घेणाऱ्या एका माता व तिच्या दोन कन्यांची हकिकत युसेबियस आदराने सांगतो. मिलानचा बिशप अँब्रोझ यानेही अशा कुमारिकांचे गुणगान केले. इ. स. ४१० मध्ये व्हिसिगॉथांनी रोम लुटले व अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर, त्यांत व्रतस्थ कुमारिकांवरही, बलात्कार झाले, तेव्हा मात्र हे गुणगान क्रूर ठरू लागले. ज्यांनी आत्महत्या केली नाही, त्यांच्याकडे मूर्तिपूजक टीकाकार संशयाने पाहत होते.

ऑगस्टिनने ४१३ च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाचा पहिला भाग या स्त्रियांना उद्देशून आहे, असे म्हणता येईल. शील हा मनाचा गुण आहे, दुसऱ्याच्या बळजबरीने तो नष्ट होत नाही, अशी त्याची भूमिका आहे. रोमन आदर्श म्हणून पूजिल्या जाणाऱ्या ल्युक्रीशियाला तो अडचणीत टाकणारा प्रश्न विचारतो : ती निर्दोष असेल तर तिने एका निर्दोष स्त्रीची हत्या केली, ती दोषी असेल तर तिची स्तुती कशासाठी? मनुष्यहत्येच्या निषेधाची आज्ञा स्वतःलाही लागू होते, हा त्याचा मुख्य आधार. येथे पौलाच्या पत्रापेक्षा दहा आज्ञांवर त्याची भिस्त आहे. चर्च ज्यांना हुतात्मा मानत होते अशा आत्मघातकी कुमारिकांविषयी मात्र, त्यांना ईश्वरी आदेश मिळाला नसेल असे आपण कसे म्हणावे, असे सांगून तो निर्णय देण्याचे टाळतो. उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्ट पंथीयांपैकी काही जण हौतात्म्याच्या ओढीने कड्यांवरून उड्या घेत होते, हीदेखील त्याच्या भूमिकेमागील एक निकड होती.

बलात्कारित स्त्रीला जगण्याचा अधिकार मिळवून देणारा हा युक्तिवाद पुढे निराशाग्रस्त मनुष्याविरुद्ध वापरला गेला. ब्रागा येथील ५६१ च्या धर्मपरिषदेने आत्महत्या करणाऱ्याचे स्मरण मिस्साविधीत करू नये व त्याचे प्रेत स्तोत्रगायनासह दफनभूमीकडे नेऊ नये, असे ठरविले. टोलेडोच्या ६९३ च्या परिषदेने तर आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यासही दोन महिन्यांच्या बहिष्काराची शिक्षा सांगितली.

मालकीचा सिद्धांत

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने या विषयाला तात्त्विक चौकट दिली. आत्महत्या तीन कारणांनी निषिद्ध : ती स्वाभाविक आत्मप्रेमाच्या विरुद्ध आहे, ती समाजाची हानी करते आणि ती ईश्वराच्या अधिकारावर अतिक्रमण करते. दुसरे कारण ॲरिस्टॉटलकडून आलेले. कोणी स्वेच्छेने स्वतःवर अन्याय करू शकत नाही, म्हणून आत्मघातकी नगरराज्यावर अन्याय करतो, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते. तिसऱ्या कारणासाठी अक्वायनस जो दृष्टांत देतो तो करिंथची आठवण करून देणारा आहे : दुसऱ्याचा गुलाम मारणारा जसा त्याच्या धन्याचा अपराधी, तसा स्वतःला मारणारा ईश्वराचा. पौलाच्या लेखणीत देहाची प्रतिष्ठा वाढविणारी गुलामाची प्रतिमा येथे मालमत्तेच्या नुकसानीचे कलम बनली आहे. स्वदेहाविरुद्धच्या पापात आता देह उरलाच नाही. उरला तो केवळ धनी.

इंग्लंडमध्ये या धन्याच्या शेजारी राजाही येऊन बसला. आत्मघातकी मनुष्य ईश्वराविरुद्ध व राजाविरुद्ध असा दुहेरी अपराध करतो, असे ब्लॅकस्टोनने १७६९ मध्ये लिहिले. जाणूनबुजून आत्महत्या केल्याचा निर्णय झाल्यास मृताची जंगम मालमत्ता राजाकडे जमा होई आणि प्रेत चव्हाट्यावर, अंगातून खुंटा ठोकून पुरले जाई. शिक्षा अर्थातच विधवेला व मुलांना होत होती. मृत्यूचौकशीचे पंच त्याच परगण्यातील असल्यामुळे त्यांना हे दिसत होते. अठराव्या शतकात ते उत्तरोत्तर मृत व्यक्ती वेडाच्या भरात होती असाच निर्णय देऊ लागले. मायकेल मॅक्डोनल्ड व टेरेन्स मर्फी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे स्थित्यंतर सविस्तर दाखविले आहे.

विचारवंतांचा विरोध याहून जुना असला तरी दबका होता. कवी जॉन डन याने १६०८ च्या सुमारास ‘बायाथानाटोस’ हा ग्रंथ लिहून आत्महत्या प्रत्येक वेळी पापच असते असे नाही, अशी मांडणी केली. १६१९ मध्ये हस्तलिखित मित्राकडे सोपविताना ते छापूही नये आणि जाळूही नये, असे त्याने कळविले. दोन वर्षांनी तो लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन झाला. ग्रंथ छापला गेला तो १६४७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. डेव्हिड ह्यूमचा याच विषयावरील निबंधही १७७७ मध्ये, मरणोत्तरच, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

चव्हाट्यावरील दफन १८२३ च्या कायद्याने थांबले आणि मालमत्तेची जप्ती १८७० मध्ये रद्द झाली. आत्महत्या हा गुन्हा म्हणून मात्र १९६१ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात राहिला. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधिसंहितेत हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक दफन नाकारणारा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो वगळण्यात आला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने जीवन ही ईश्वराने सोपविलेली ठेव असल्याचा सिद्धांत कायम ठेवला, पण तीव्र मानसिक व्याधी, यातना किंवा भीती यांमुळे मनुष्याची जबाबदारी कमी होते, हेही नमूद केले.

भारतीय दंडसंहिता

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३०९ ने आत्महत्येच्या प्रयत्नास एक वर्षापर्यंत साध्या कारावासाची शिक्षा ठेवली होती. ही तरतूद हिंदू किंवा मुस्लिम धर्मशास्त्रातून आलेली नव्हती. तिच्या शब्दांत ईश्वराचा उल्लेख नसला तरी तिचे कुळ इंग्रजी कायद्याचे होते. इंग्लंडने १९६१ मध्ये आपला कायदा बदलल्यावरही ती येथे टिकून राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फिरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे व तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत, अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ चा समावेश नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा तिच्या कलम २२६ खाली दंडनीय आहे.