क्रँकपुलीची कुळकथा

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की नजर आधी कार्ब्युरेटरवर जाते, मग रेडिएटरवर, मग बॅटरीवर. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, अगदी खाली, तेलकट धूळ अंगावर घेऊन फिरणारं एक चाक असतं. ते दिसतं, पण त्याची दखल कुणी घेत नाही. ‘फॅन बेल्ट फिरवायचं चाक’ एवढीच त्याची ओळख. म्हणून ते बिघडलं की दुरुस्तीही त्याच समजुतीने होते. कड वाकली, ठोकून सरळ करा. सैल झालं, वेल्डिंग मारा. चावी झिजली, पत्र्याचा तुकडा घाला. यातलं थोडंफार काही पुल्या खपवून घेतात. काही पुल्यांवर मात्र असा उपाय केला तर आज ना उद्या क्रँकशाफ्ट मोडण्याची वेळ येते. या दोन जातीच्या पुल्या लांबून सारख्याच दिसतात. फरक त्यांच्या कुळात आहे, आणि घरी काय दुरुस्त करावं नि कशाला हात लावू नये, हे त्या कुळावरूनच ठरतं.

ही पुली बसते क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर, आणि क्रँकचं घराणं मोटारीपेक्षा फार जुनं. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं एक शिल्प सापडलं. त्यात पाणचक्कीच्या जोरावर दगड कापणारी करवत कोरलेली आहे. चक्कीचा गोल फेर करवतीच्या पुढे-मागे होणाऱ्या चालीत बदलायला तिथे क्रँक आणि दांडा वापरलेला दिसतो. १२०६ मध्ये अल-जझारीने आपल्या यंत्रांच्या ग्रंथात पाणी उपसणाऱ्या पंपासाठी क्रँक रेखाटला. वाफेच्या इंजिनाला तो जोडण्याचं पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्डने घेतलं. ती वाट अडल्यामुळे जेम्स वॉटला सूर्य-ग्रह पद्धतीची दातेरी चाकं वापरावी लागली. या साऱ्या काळात क्रँकच्या दुसऱ्या टोकाचा विचार करण्याचं कुणाला कारणच पडलं नाही. एका टोकाला जड फ्लायव्हील बसवलं की चाल एकसारखी व्हायची आणि काम भागायचं.

मोटारीत त्या मोकळ्या टोकाला पहिल्यांदा दोन कामं मिळाली. फोर्डची १९०८ ची मॉडेल टी घ्या. तिच्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला सपाट पट्ट्याची छोटी पुली होती. ती पंखा फिरवायची. पुली शाफ्टवर एका आडव्या पिनने अडकवलेली असायची आणि गाडी सुरू करायच्या हँडलचे दातेही त्याच पिनेला धरायचे. म्हणजे एकच पिन दोन्ही कामं करायची. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला, तरी हँडल लगेच गेलं नाही. आपल्याकडे जीप आणि अँबॅसडरला हँडल मारलेले हात अजून आहेत. ते हँडल ज्या दातेरी बोल्टाला धरायचं, तोच बोल्ट पुलीला शाफ्टवर आवळून ठेवायचा. हे या कुळातलं पहिलं, साधं घर. अंगाने एकसंध, लोखंडी किंवा पत्र्याची, कामाने फक्त ओढणारी पुली.

दुसरं घर संकटातून जन्मलं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला १०० ठोके. प्रत्येक ठोक्याला शाफ्टला केसभर पीळ बसतो आणि सुटतो. पोलादाचा शाफ्टही असा पीळ घेतो, आणि त्याला स्वतःची एक लय असते. झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की तो जसा चढत जातो, तसाच ठोक्यांची लय शाफ्टच्या लयीशी जुळली की पीळ वाढत जातो. शाफ्ट जितका लांब आणि बारीक, तितकी ही लय खालच्या वेगाला, म्हणजे रोजच्या चालीत, गाठ घालते.

हे आधी जहाजवाल्यांनी भोगलं. प्रोपेलरचे जाडजूड शाफ्ट, हिशेबाने पुरेसे मजबूत असूनही, मोडत होते. हॅम्बुर्गच्या हेरमान फ्राम या अभियंत्याने चालू जहाजांच्या शाफ्टांमधला पीळ मोजला आणि १९०२ मध्ये निष्कर्ष मांडले. दोष पोलादाच्या ताकदीत नव्हता, पिळाच्या कंपनात होता. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नेपियरने सहा सिलिंडरच्या मोटारी बाजारात आणल्या. चारांपेक्षा सहा सिलिंडरचं इंजिन मऊ चालावं अशी अपेक्षा होती, पण त्याचा लांब क्रँकशाफ्ट ठरावीक वेगाला थरथरायला लागे. हेन्री रॉइस यांनाही आपल्या सहा सिलिंडरच्या पहिल्या गाडीत हाच त्रास भोवला. म्हणून १९०६ च्या ४०/५० हॉर्सपॉवरच्या गाडीत, जिला पुढे सिल्व्हर घोस्ट म्हणू लागले, त्यांनी सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत बसवले आणि क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार दिला. शाफ्ट जाड आणि ताठ करणं हा एक उपाय होता, पण वजन आणि खर्च वाढवणारा.

दुसरा उपाय फ्रेडरिक लँचेस्टर यांचा. १९१० च्या सुमारास त्यांनी पेटंट घेतलं ते क्रँकशाफ्टच्या मोकळ्या टोकाला बसवायच्या डॅम्परचं. हे एक छोटं, जड चाक. ते शाफ्टला पक्कं जोडलेलं नव्हतं. तेलात बुडालेल्या चकत्यांच्या घर्षणातून ते शाफ्टबरोबर ओढलं जायचं. शाफ्ट एकसारखा फिरत असेल तर चाकही मुकाट्याने सोबत फिरतं. शाफ्टला पीळ बसून त्याचं टोक क्षणभर पुढे गेलं की जड चाकाचं जडत्व त्याला तितक्या चटकन जाऊ देत नाही. चाक मागे रेंगाळतं, चकत्या एकमेकींवर घासतात आणि कंपनातली ताकद उष्णता होऊन निघून जाते. पुढच्याच टोकाला का, याचं उत्तर साधं आहे. मागे जड फ्लायव्हील असल्यामुळे तिथे पीळ फारसा हलत नाही. सगळ्यात जास्त तो हलतो मोकळ्या, पुढच्या टोकाला. जिथे दुखतं तिथेच औषध.

हे औषध किती आवश्यक होतं याची साक्ष आकाशातही मिळाली. मे १९२९ मध्ये ग्राफ झेपेलिन हे जर्मन हवाईजहाज अमेरिकेच्या वाटेवर असताना त्याची पाचपैकी चार इंजिनं एकामागोमाग बंद पडली. जहाज कसंबसं दक्षिण फ्रान्समधल्या क्यूअर्सच्या तळावर उतरवावं लागलं. मुळाशी होतं क्रँकशाफ्टमधलं पिळाचं कंपन. इंजिनाशी जोडलेल्या भागांत थोडा बदल झाला की शाफ्टची लय बदलते आणि नेहमीचा सुरक्षित वेगच घातक वेग ठरू शकतो. घरी पुलीला हात लावणाऱ्याने हा धडा गाठीशी बांधून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. शाफ्टच्या टोकाचं वजन आणि त्याची जोडणी बदलणं म्हणजे इंजिनाची लय बदलणं.

पुढे चकत्या आणि तेलाच्या जागी रबर आलं. मधोमध लोखंडी तुंबा, बाहेर जड कडं, आणि दोघांच्या मध्ये रबराची पट्टी. १९३० च्या दशकापासून मोटारींत हा प्रकार रुळत गेला. रबर दोन कामं करतं. एक म्हणजे घासून उष्णता काढतं. दुसरं, आपल्या लवचीकपणाने कड्याला नेमक्या एका लयीवर ‘बसवतं’. रबराची जाडी, कडकपणा आणि कड्याचं वजन यांचं गणित त्या विशिष्ट इंजिनासाठी केलेलं असतं. मग कारखानदारांनी याच कड्यावर बेल्टची खाच कापली आणि डॅम्पर नि पुली एक झाले. गॅरेजात ‘डॅम्पर पुली’ म्हणतात ती ही. कुळाचं दुसरं घर पहिल्या घरासारखं दिसायला लागलं ते इथून.

खाचेचीही एक शाखा आहे. सपाट चामडी पट्टा पुलीवरून सारखा घसरायचा. १९१७ मध्ये डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर आणि दोऱ्यांचा, पाचरीच्या आकाराचा व्ही-बेल्ट काढला. हा बेल्ट खाचेच्या तळावर बसत नाही. तो दोन्ही भिंतींत दाबला जातो आणि जितका ओढला जाईल तितका घट्ट धरतो. म्हणून जुन्या पुलीची पहिली तपासणी डोळ्यांनीच होते. खाचेच्या भिंती चकचकीत आणि तळ मळकट असेल तर सगळं ठीक. तळच आरशासारखा चमकत असेल तर बेल्ट किंवा भिंती झिजल्या आहेत आणि बेल्ट तळावर घसरतोय. असा बेल्ट कितीही ताणला तरी डायनॅमो पुरता फिरत नाही. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये एकच रुंद, अनेक धारांचा बेल्ट आला आणि नव्या गाड्यांतून व्ही-बेल्ट हळूहळू मागे पडला.

राहिली चावी. पुली शाफ्टवर नेमक्या जागी बसावी म्हणून दोघांच्या खाचांत एक पोलादी तुकडा असतो. तो बहुधा अर्धचंद्राच्या आकाराचा, वुड्रफ की. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या डब्ल्यू. एन. वुड्रफ यांची ही कल्पना. तिच्यासाठी १८८८ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना जॉन स्कॉट पदक दिलं. गोल पोटामुळे चावी शाफ्टमध्ये खोल रुतते आणि उलटत नाही. पण चावीचं काम जागा दाखवण्याचं. पुलीला खरं धरतो तो पुढचा आवळलेला बोल्ट. बोल्ट सैल राहिला की सगळा मार चावीवर येतो आणि ती खाच रुंद करत जाते. माझदाच्या मियाटा गाडीच्या सुरुवातीच्या काही १.६ लिटर इंजिनांत नेमकं हेच झालं. क्रँकच्या नाकावरची आखूड खाच उसवू लागली. क्रँकशाफ्ट बदलायचा तर पूर्ण इंजिन खोलणं आलं. अमेरिकेतल्या मालकांनी घरच्या घरी उपाय शोधला: खाच स्वच्छ करायची, नवी चावी बसवायची, फट लॉकटाइट ६६० ने भरायची आणि बोल्ट नीट आवळून ते पूर्ण सुकू द्यायचं. लॉकटाइटचं मूळही कनेक्टिकटमध्येच आहे. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५० च्या दशकात हवेविना घट्ट होणारी ही रसायनं बाजारात आणली. धातूच्या सांदीत हवा पोचत नाही, तिथेच ती दगडासारखी होतात. ६६० अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट भरतं.

आता गाडी घरी उभी आहे आणि पुली खराब झाली आहे, तर काय करायचं? आधी ती कोणत्या घरची ते बघा. पुली पुसून काढा आणि पुढून नीट न्याहाळा. तुंबा आणि कडं यांच्या मध्ये काळी, गोल रेघ दिसली तर आत रबर आहे. रेघ नाही, एकसंध लोखंड किंवा दाबलेला पत्रा आहे, तर पुली साधी.

साध्या पुलीवर घरी बरंच काही होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, चाकांना ठोकळे लावा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा आणि लांब दांड्याने बोल्ट सोडवा. बोल्टाखालच्या वॉशरची वाकवलेली जीभ आधी सरळ करायला विसरू नका. स्टार्टर मारून बोल्ट सैल करायची युक्ती काहीजण सांगतात. ती करू नका, पाना उडून हात मोडू शकतो. पत्र्याची वाकलेली कड जाड जबड्याच्या पान्याने थोडी-थोडी वळवून सरळ करता येते. टोचणारी धार बारीक कानशीने मारायची, नाहीतर ती नवा बेल्ट कापते. परत बसवल्यावर इंजिनाला एक तार अशी बांधा की तिचं टोक कडेला जवळजवळ टेकेल. प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवा. फट सगळीकडे सारखी राहिली तर पुली डुलत नाही. पुलीच्या मानेवर ऑइल सीलने घासून खोबण पडली असेल, नख अडकत असेल, तर तिथे पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही चढवता येते. नवं सील तिच्यावर चालतं आणि गळती थांबते. पुलीतली चावीची खाच उसवली असेल तर टर्नरकडून समोरच्या बाजूला नवी खाच कापून घेता येते. तसं केलं की टायमिंगची खूण त्याच हिशेबाने नवीन करायची. मात्र बिडाच्या पुलीला तुंब्यापासून तडा गेला असेल तर ती भंगारात. बिडावरचं घरगुती वेल्डिंग फिरत्या चाकावर विश्वासाचं नाही.

रबराच्या पुलीला वेगळं वागवावं लागतं. कड्याला जबड्याचा पुलर लावू नका, रबर फाटतं. तुंब्यात आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट अडकवणारा पुलर वापरा. रबर सुटलंय का हे कळायला तुंबा, रबर आणि कडं यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ ओढा आणि गाडी काही दिवस चालवा. रेघ तुटून दोन जागी गेली तर कडं सरकतंय. तेव्हा टायमिंगची खूणही खोटी ठरते, कारण ती बहुतेक वेळा कड्यावरच असते. अशा गाडीचं टायमिंग दिव्याने लावत बसलं तर इंजिन आणखी बिघडतं. पहिला पिस्टन खरोखर वर आलाय का ते प्लगच्या भोकातून तपासूनच काय ते ठरवा. सरकणारं कडं गोंदाने चिकटवणं, स्क्रूने आवळणं, वेल्डने टाचणं, यातलं काहीही करू नका. तसं केलं की पुली फिरते, बेल्ट चालतो, आवाजही थांबतो, पण डॅम्पर मेलेला असतो. लँचेस्टरने ज्या कंपनावर इलाज शोधला, ते पुन्हा उघड्या शाफ्टवर येतं.

प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. अँबॅसडर २०१४ मध्ये बंद झाली. त्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होणार. साधी पुली हाताशी नमुना असेल तर चांगला टर्नर लेथवर नवी करून देईल, आणि ती मूळ पुलीइतकीच चालेल. डॅम्पर पुलीचं तसं नाही. तिचं वजन आणि रबर त्या इंजिनाच्या लयीवर बेतलेलं असतं, ते अंदाजाने जमत नाही. तिच्यासाठी योग्य नवा भाग शोधावा, किंवा जुन्या तुंब्यावर आणि कड्यावर मापाचं रबर पुन्हा बसवून देणाऱ्या जाणकाराकडे ती पाठवावी. म्हणून सुटलेली डॅम्पर पुली कधी भंगारवाल्याला देऊ नका. गाडीचं नाव आणि इंजिनाचा नंबर लिहून ती जपून ठेवा. तुंबा आणि कडं शाबूत असतील तर रबर बदलून ती पुन्हा आपलं काम करू शकते.