तिकिटाला मुदत हवीच

विद्यापीठे, बँका, संशोधनसंस्था आणि मोठ्या कंपन्या यांच्या संगणकजाळ्यांत काम करणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. टर्मिनलवर ‘केइनिट’ ही कमांड द्यायची, पासवर्ड टाकायचा, कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीचे तिकीट मिळवायचे आणि काही तासांनी ते संपले की पुन्हा तेच करायचे, हा सगळा गेल्या शतकातला सोपस्कार आहे. जमेल तिथे तो टाळावा, असे हे मत. आणि टाळण्याचा मार्गही ठरलेला असतो: पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवायचा, म्हणजे कटकट मिटली. हे मत चुकीचे आहे, आणि त्यातून निघालेला मार्ग घातक आहे. म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद व्हायला हवा.

आधी पूर्वपक्ष, तोही त्याच्या सर्वांत बळकट रूपात. पहिला आक्षेप असा की कर्बेरॉस ज्या काळात जन्मले त्या काळात पासवर्ड तारेवरून उघडा जात असे. आता टीएलएसमुळे सारी वाहतूक कूटबद्ध असते, तेव्हा पासवर्ड थेट सर्व्हरला दिला तर बिघडते काय? दुसरा आक्षेप: तिकीटही चोरता येते आणि चोरणारा ‘तुम्ही’ बनून वावरतो, मग पासवर्डपेक्षा ते सुरक्षित कसे? तिसरा, आणि रोजच्या कामात सर्वांत जास्त टोचणारा: रात्रभर चालणारे काम तिकिटाची मुदत संपली म्हणून पहाटे बंद पडते, असली सुरक्षा कामाच्या मुळावर येते. चौथा: जग ब्राउझरमधल्या एकल लॉगिनकडे गेले, कमांडवरून तिकीट घेणे आता कालबाह्य आहे.

या चारही आक्षेपांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. तिकीट घेणे म्हणजे लॉगिन करण्याचाच एक लांबचा रस्ता, असे ते गृहीत. ते तपासायचे तर केइनिट दिल्यावर नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे.

पासवर्ड टाइप केल्यावर तो कुठेही पाठवला जात नाही. त्यापासून आपल्याच यंत्रावर एक गुप्त किल्ली तयार होते. नेहमीच्या पद्धतीत त्या किल्लीने सध्याची वेळ कूटबद्ध करून केडीसीकडे, म्हणजे किल्ल्या वाटणाऱ्या मध्यवर्ती केंद्राकडे पाठवली जाते. केंद्राकडे आपली किल्ली आधीपासून असते. तिने ती वेळ उलगडली आणि जुळली, की केंद्र दोन गोष्टी परत पाठवते. एक, मूळ तिकीट, ज्याला टीजीटी म्हणतात. ते केंद्राच्या स्वतःच्या किल्लीने बंद केलेले असते आणि आपल्यालाही उघडता येत नाही. दुसरी, आपल्या किल्लीत गुंडाळलेली एक तात्पुरती सत्रकिल्ली. पुढे फाइल सर्व्हर, डेटाबेस किंवा दुसरे यंत्र, ज्याच्याशी काम पडेल त्याच्यासाठी हे मूळ तिकीट दाखवून वेगळे तिकीट मिळते. त्या सेवेसमोर केवळ तिकीट ठेवून भागत नाही. सत्रकिल्लीने कूटबद्ध केलेली ताजी वेळ सोबत द्यावी लागते. मागितले तर सेवेलाही स्वतःची ओळख उलट सिद्ध करावी लागते. या संपूर्ण व्यवहारात पासवर्ड सेवेपर्यंत पोहोचतच नाही. लॉगिनमध्ये आपण आपले गुपित समोरच्याच्या हाती देतो. इथे ते न देता आपण कोण हे पटवतो. हा फरक पद्धतीचा नाही, तत्त्वाचा आहे.

हे तत्त्व कोणाच्या लहरीतून आलेले नाही. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली मोठ्या जाळ्यांत परस्परांची ओळख पटवण्याची रीत मांडली. डोरोथी डेनिंग आणि जिओव्हानी सॅको यांनी १९८१ मध्ये तिच्यातली फट दाखवली: जुनी सत्रकिल्ली हाती लागली तर जुनाच संदेश पुन्हा चालवता येतो. उपायही त्यांनीच सुचवला, संदेशावर वेळेची नोंद करण्याचा. एमआयटीमध्ये १९८३ साली डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने अथेना प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी आवारभर मांडलेल्या यंत्रांवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न तिथे रोजचा होता. स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी वरील दोन्ही विचार जोडून कर्बेरॉसची रचना केली.

बिल ब्रायंट यांनी १९८८ साली ही रचना समजावण्यासाठी चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. त्यात अथेना एकेक योजना मांडते आणि युरिपिडीस प्रत्येक योजनेतले भोक दाखवतो. प्रत्येक वेळी पासवर्ड टाकावा लागतो, म्हणून मूळ तिकीट येते. तिकीट कायमचे राहिले तर चोर ते कायम वापरील, म्हणून मुदत येते. मुदतीच्या आतही ते चोरून दाखवता येईल, म्हणून सत्रकिल्ली आणि ताज्या वेळेचा पुरावा येतो. खंडन-मंडनाची परंपरा जाणणाऱ्या वाचकाला ही रीत लगेच ओळखू येईल. आज ज्याला आपण कटकट म्हणतो तो प्रत्येक भाग एकेका आक्षेपाचे उत्तर म्हणून तिथे आला आहे. उत्तर काढून टाकले की मूळ आक्षेप पुन्हा उभा राहतो.

आता एकेक आक्षेप घेऊ. टीएलएस वाटेवरच्या चोराला अडवते. मुक्कामाच्या ठिकाणी बसलेल्या चोराला अडवत नाही. पासवर्ड सर्व्हरपर्यंत कूटबद्ध जातो हे खरे, पण सर्व्हरवर तो उघडतो. अनेक कार्यालयांत प्रत्येक अंतर्गत अ‍ॅप एका चौकटीत पासवर्ड मागते आणि तो एलडॅप निर्देशिकेकडे पाठवून तपासून घेते. यालाच ‘सगळीकडे एकच लॉगिन’ म्हणून मिरवले जाते. प्रत्यक्षात ही व्यवस्था म्हणजे प्रत्येक दुकानदाराला सही केलेला कोरा धनादेश देणे आहे. जेवणाच्या कुपनांच्या अ‍ॅपमध्ये कोणी घुसले, तर तिथे टाकलेला प्रत्येकाचा पासवर्ड त्याला मिळतो आणि तोच पासवर्ड पगाराच्या यंत्रणेतही चालतो. तिकिटाच्या पद्धतीत त्याच अ‍ॅपचा सर्व्हर पूर्ण काबीज झाला, तरी साधारणतः त्या सेवेपुरती, मुदत असलेली तिकिटेच त्याच्या हाती लागतात. म्हणून टीएलएस आणि तिकीट हे एकमेकांचे पर्याय नाहीत. दोघे वेगवेगळ्या चोरांसाठी आहेत.

दुसऱ्या आक्षेपात अर्धे सत्य आहे, आणि ते मान्यच केले पाहिजे. तिकीट आणि सत्रकिल्ली यंत्रावरच्या कॅशमध्ये असतात. पारंपरिक युनिक्स मांडणीत ती ‘टीएमपी’ डिरेक्टरीतली एक फाइल असते. त्या यंत्रावर ज्याला रूटचे अधिकार मिळाले तो ती उचलू शकतो. ‘केडिस्ट्रॉय’ दिल्याने आपली प्रत पुसली जाते, चोराने आधीच नेलेली प्रत रद्द होत नाही. पण या सत्याचा निष्कर्ष आक्षेपकाच्या विरुद्ध जातो. चोरलेले रद्द करता येत नसेल, तर त्याचे आयुष्य छोटे असणे हाच बचाव. विंडोजच्या डोमेनमध्ये मूळ तिकिटाची नेहमीची मुदत दहा तास असते, एमआयटीच्या कर्बेरॉसमध्ये एक दिवस. चोरलेला पासवर्ड मात्र बदलेपर्यंत चालतो, आणि तो चोरीला गेल्याचे कळलेच नाही तर तो बदलतो कोण?

इथे अधिक गंभीर हल्ल्यांचा दाखला दिला जातो. टिम मेडिन यांनी २०१४ मध्ये ‘कर्बरोस्टिंग’ दाखवले: डोमेनमधला कोणीही सदस्य एखाद्या सेवेचे तिकीट रीतसर मागून घेतो आणि ते ज्या किल्लीने बंद आहे तिच्यामागचा पासवर्ड निवांत बसून अंदाजाने शोधतो. हल्ला खरा आहे. पण तो यशस्वी होतो कशामुळे? सेवेला माणसाने सुचवलेला, लक्षात राहील असा पासवर्ड दिलेला असतो म्हणून. सेवेची किल्ली यंत्राने यादृच्छिक निवडलेली असेल तर अंदाजाला वावच उरत नाही. स्टीव्हन बेलोव्हिन आणि मायकेल मेरिट यांनी १९९० च्या सुमारासच कर्बेरॉसच्या मर्यादा मांडताना पासवर्ड ओळखून काढण्याच्या धोक्यावर बोट ठेवले होते. त्यावर प्रमाणपत्राने तिकीट घेण्याची पीकेइनिट पद्धत आली, आणि अलीकडे स्पेक ही देवाणघेवाण आली, जिच्यात तारेवरचे संदेश टिपूनही पासवर्ड पडताळता येत नाही. केंद्राचीच मुख्य किल्ली चोरून बनवलेल्या ‘सोनेरी तिकिटा’चीही चर्चा होते, पण ती किल्ली गेली म्हणजे अवघे केंद्र आधीच शत्रूच्या ताब्यात गेलेले असते, आणि तिथे पासवर्डवर चालणारी व्यवस्थाही तगली नसती. म्हणजे कर्बेरॉसच्या बहुतेक जखमा पाहिल्या तर जिथे पासवर्ड शिल्लक राहिला तिथेच त्या झालेल्या दिसतात. त्यावर इलाज म्हणून पासवर्ड अधिक ठिकाणी वाटणे हा युक्तिवाद टिकत नाही.

तिसरा आक्षेप कामकरी माणसाचा आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त आदराने उत्तर द्यायला हवे. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, तिथल्या सीएमएस प्रयोगात भाग घेणाऱ्या मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संस्थांमध्ये, किंवा कर्बेरॉसने सुरक्षित केलेल्या हडूप क्लस्टरवर कामे तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालतात. मध्येच तिकीट संपले आणि फाइल लिहिता आली नाही, तर श्रम वाया जातात. हे दुःख खरे आहे. पण ते मुदतीमुळे होत नाही, मुदतीची तजवीज न केल्यामुळे होते, आणि तजविजीची साधने या पद्धतीतच आहेत.

नूतनीकरण करता येईल असे तिकीट सुरुवातीलाच मागून घेता येते. मग केइनिटला ‘आर’ हा पर्याय दिला की पासवर्डशिवाय मुदत वाढते, आणि हे ठरावीक कमाल काळापर्यंत चालते. प्रत्येक वाढीसाठी केंद्राकडे परत जावेच लागते. चोरीची खबर लागलेले तिकीट तिथे नाकारण्याची सोय प्रमाणनियमातच ठेवलेली आहे. मनुष्य समोर नसताना चालणाऱ्या कामासाठी की-टॅब फाइल असते. त्या कामासाठी स्वतंत्र नाव नोंदवायचे, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्यायचे, त्याची यादृच्छिक किल्ली की-टॅबमध्ये ठेवायची आणि ती फाइल फक्त त्या कामाच्या खात्यालाच वाचता येईल असे करायचे. ‘के-फाइव्ह-स्टार्ट’ हा प्रोग्राम अशा किल्लीवरून तिकीट घेतो आणि काम संपेपर्यंत ते जिवंत ठेवतो.

की-टॅब म्हणजे तरी डिस्कवर ठेवलेले गुपितच ना, असे कोणी म्हणेल. होय, गुपितच. पण ते एका कामाचे गुपित आहे. स्क्रिप्टमध्ये लिहिलेला पासवर्ड हा माणसाचा असतो; त्याच्याबरोबर त्या माणसाची ईमेल, त्याच्या फाइली आणि त्याचे सगळे अधिकार जातात. शिवाय ‘एको’ कमांडने पासवर्ड केइनिटकडे ढकलणारी ओळ स्क्रिप्टच्या प्रत्येक प्रतीत, बॅकअपमध्ये आणि गिटच्या इतिहासात जाऊन बसते. तिथून ती पुसणे फार अवघड.

राहिला कालबाह्यतेचा आक्षेप. विंडोज २००० पासून डोमेनमधल्या ओळखीचा मुख्य आधार कर्बेरॉस आहे. सकाळी कार्यालयात लॉगिन करणारे असंख्य लोक नकळत मूळ तिकीटच घेत असतात. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एनटीएलएम ही आपली जुनी पद्धत हळूहळू बंद करण्याचा मानस जाहीर केला, तेव्हा भर कर्बेरॉसवर दिला. कार्यालयातल्या ब्राउझरचे विनासायास लॉगिन अनेकदा याच तिकिटावर उभे असते. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे थांबवले आणि टोकन किंवा किल्ली मागायला सुरुवात केली. क्लाउड सेवांच्या कमांडलाइनही आता तात्पुरती, मुदतीची ओळखपत्रे देतात. म्हणजे जगाने ही कल्पना सोडलेली नाही, जग तिच्याकडे येत आहे. उलट अनेक नव्या टोकनांत एक उणीव आहे: ज्याच्या हाती टोकन तो मालक. सत्रकिल्लीचा पुरावा मागणारे तिकीट या बाबतीत आजही त्यांच्या पुढे आहे.

मग कमांडवरूनच का, आपोआप का नको? आपोआप मिळणाऱ्या तिकिटाला माझा विरोध नाही. पण जिथे ब्राउझर नाही अशा दूरच्या यंत्रावर कमांड लागतेच, आणि तिचे खरे मोल निर्णय माणसाच्या हाती ठेवण्यात आहे. ‘केलिस्ट’ दिले की कोणत्या नावाने, कोणत्या सेवेसाठी, केव्हापासून केव्हापर्यंत आपण विश्वास मिळवला आहे ते स्पष्ट दिसते. धोकादायक कामासाठी तासाभराचेच तिकीट मागता येते. दुसऱ्या यंत्राकडे सोपवता येणार नाही असे तिकीट मागता येते. प्रशासकाची ओळख आणि रोजची ओळख वेगळ्या कॅशमध्ये ठेवता येते. घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकले तर कमांड अडते, तीही योग्य कारणासाठी: वेळच जुळत नसेल तर ताजा पुरावा आणि जुना पुरावा यांत भेद उरत नाही. हे सारे पडद्याआड गेले की माणूस आपण कोणाला काय दिले हे विचारायचेच विसरतो.

तेव्हा सिद्धांत असा: मुदत, वेगळी सत्रकिल्ली आणि सेवेपुरते तिकीट ही ओझी नसून पासवर्ड फुटला तर होणारे नुकसान मर्यादेत ठेवणाऱ्या सीमा आहेत. ज्यांच्या हाती जाळ्यांची व्यवस्था आहे त्यांनी स्क्रिप्टमधले पासवर्ड शोधून काढावेत, प्रत्येक स्वयंचलित कामाला स्वतंत्र नाव आणि किल्ली द्यावी, तिकिटाची मुदत कामाच्या लांबीवरून ठरवावी आणि नूतनीकरण कसे करायचे हे वापरणाऱ्यांना पहिल्याच दिवशी शिकवावे. आणि नवी यंत्रणा विकत घेताना तिच्या निर्मात्याला एक प्रश्न विचारावा: आमच्या माणसांचा पासवर्ड तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती यंत्रणा कितीही सोयीची असली तरी नाकारावी.