झोतभट्टी आणि वाळूची भट्टी

भिलाईचा इतिहास सांगावयाचा म्हटले, की तो टनांत सांगण्याचा प्रघात आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १० लाख टनांचा कारखाना पुढे २५ लाख आणि त्यानंतर ४० लाख टनांचा झाला. हे सारे खरे आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु ज्या घरांतून माणसे त्या भट्टीवर कामाला जात आणि ज्या घरांत ती परत येत, त्या घरांचाही काही इतिहास आहे. तो टनांत मोजता येत नाही. वाट्या-चमच्यांत मोजावा लागतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या दुसऱ्या इतिहासाचे एक पान वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. ते पान आहे नानकटाईचे, पेरूच्या जेलीचे आणि सुट्टीच्या दिवसाचे.

प्रथम सुट्टीविषयी; कारण घरी हौसेने काही करावयाचे तर आधी मोकळा दिवस हाताशी हवा. आज रविवार आपल्याला सूर्योदयाइतकाच स्वाभाविक वाटतो. वस्तुतः तो झगडून मिळविलेला आहे, आणि मिळवून देणारा मराठी माणूस आहे. महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांतीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिल महिन्यात मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वार कामगाराच्या पदरात पडला.

योगायोग असा, की त्याच १८९० साली पुण्यात चहा-बिस्किटांवरून रणकंदन माजले. पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. हा समारंभ घडवून आणणारे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीलाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या समाजात बिस्किटासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागत होते, त्याच समाजातील गृहिणी दोन-तीन पिढ्यांत घरच्या शेगडीवर नानकटाई भाजू लागली. हे परिवर्तन कोणत्या परिषदेत ठराव करून झाले नाही. ते स्वयंपाकघरात, कोणाच्या लक्षात न येता झाले.

अर्थात सारेच नवे होते असे नव्हे. मुंबईच्या पाठारे प्रभू घरांत भानोळे करताना खाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे ठेवून भाजण्याची रीत जुनीच आहे. ओव्हनचे तत्त्व याहून निराळे नाही. फळ साखरेत मुरवून टिकविण्याची कलाही आपल्याला कोणी परक्याने शिकविलेली नाही. मोरावळा, साखरांबा, गुळांबा ही जॅमचीच वडीलधारी भावंडे होत. सुरतेच्या बेकऱ्यांनी रूढ केली असे मानली जाणारी नानकटाई मराठी मुलखात आली, आणि दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जाणे, तेथे पत्रे भाजून घेणे आणि डबा भरून घरी आणणे हा अनेक शहरांत वार्षिक सोहळाच होऊन बसला. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाली. वाटी आणि चमचा या घरच्या मापांत सारे प्रमाण दिल्यामुळे, सासू-आईपासून शेकडो कोस दूर संसार मांडणाऱ्या मुलींना ते पुस्तक माहेरच्या माणसासारखे वाटले. आमच्या घरची प्रत पुण्याहून मामांनी पाठविली होती. तिच्या पानांवरील तुपाचे डाग अजून तसेच आहेत.

आता भिलाईकडे वळू. १९५५ साली करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली. रेल्वेने नागपूर अडीचशे किलोमीटरांहून थोडेसेच अधिक. पण येथे आलेल्या मराठी कुटुंबांना ते अंतर एकाएकी लांबल्यासारखे झाले. माझे आईवडील सातारा जिल्ह्यातून १९६६ साली येथे आले. दोन खोल्यांचे क्वार्टर, मागे मोकळे अंगण, एका भिंतीपलीकडे बंगाली शेजार आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे तेलुगू. वडिलांची नेमणूक कोक ओव्हन विभागात झाली. हवा न लागू देता दगडी कोळसा हजार अंशांहून अधिक उष्णतेवर कित्येक तास भाजावयाचा आणि त्याचा कोक करून झोतभट्टीला पुरवावयाचा, हे तेथील काम. ‘ओव्हन’ हा शब्द आम्हां मुलांनी प्रथम ऐकला तो असा. त्यात कधी खाण्याची वस्तू भाजतात, याची आम्हांला कल्पनाच नव्हती.

झोतभट्टीला रविवार नसतो. ती एकदा पेटविली, की मोठ्या दुरुस्तीची वेळ येईपर्यंत वर्षानुवर्षे रात्रंदिवस धगधगत ठेवावी लागते. विझू दिली तर आतील लोखंड थिजून भट्टीच निकामी व्हावयाची. म्हणून माणसांनी पाळ्यांत काम करावयाचे आणि साप्ताहिक सुट्टी ज्याची त्याने आपापल्या वारी घ्यावयाची. लोखंड्यांनी गिरणी कामगारांना मिळवून दिलेला रविवार आमच्या घरी बुधवारी येई, कधी शुक्रवारी येई. मुलांची शाळा रविवारी बंद, वडिलांची सुट्टी बुधवारी, अशी घराची फाटाफूट होई. तेव्हा घरात सणाचा दिवस कोणता, हे पंचांगावरून किंवा कॅलेंडरवरून ठरत नसे. ते आई ठरवी. ज्या दिवशी वडील घरी, तो आमचा रविवार, आणि त्या रविवारची खूण म्हणजे भाजणीचा वास.

भट्टी वाळूची होती. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरावयाची, ती कोळशाच्या शेगडीवर चांगली तापू द्यावयाची, वाळूवर कडे ठेवून त्यावर तूप लावलेले ताट बसवावयाचे आणि वरच्या झाकणावर चार निखारे ठेवावयाचे. उष्णता मोजण्याचे साधन म्हणजे आईचा हात; झाकण किंचित उचलून ती हाताला लागणाऱ्या धगीवरून अंदाज घेई. एका वेळी आठ किंवा नऊ नानकटाया होत. चाळीस करावयाच्या तर सारी दुपार जाई. वडील खाटेवर पडल्या पडल्या म्हणत, “अगं, आमच्या ओव्हनला तरी तीन पाळ्या आहेत.” आई उत्तर देई, “तुमच्या ओव्हनात कोळसा भाजतात, माझ्या ओव्हनात कोळशावर भाजतात. खायचं कुठलं, ते तुम्हीच सांगा.” पुढे विजेचा, काचेचे झाकण असलेला गोल ओव्हन आला आणि वाळू अंगणातल्या कुंड्यांत गेली.

जॅमची कथा याहून गमतीची. हिवाळ्यात डोक्यावर टोपली घेऊन येणारी छत्तीसगढी बाई “जाम, जाम” असा पुकारा करी. आईला प्रथम वाटले, ही बाई घरोघर जॅम विकते की काय! टोपलीत पाहते तो पेरू. साताऱ्याकडे ज्याला पेरू म्हणतात आणि विदर्भात जांब, त्यालाच इकडे जाम म्हणतात. तेव्हापासून ‘जामचा जॅम’ हा आमच्या घरचा कायमचा विनोद झाला. प्रत्यक्षात आई करी ती जेली. थोडे कच्चट पेरू चिरून पाण्यात शिजवावयाचे, फडक्यात टांगून पिळल्यावाचून रस गळू द्यावयाचा, रसाइतकीच साखर घालून लिंबू पिळून आटवावयाचे. फळातील पेक्टिन, लिंबाची आंबटाई आणि साखर या तिघांचे प्रमाण जमले तरच जेली धरते. पूर्ण पिकलेल्या पेरूत पेक्टिन उतरलेले असते, म्हणून कच्चट फळ हवे. रसायनशास्त्राचे हे स्पष्टीकरण मी फार उशिरा वाचले. आई चमच्यावरून थेंब कसा पडतो, एवढेच पाही.

साखर मात्र हिशेबाने वापरावी लागे. १९६७ नंतर साखरेवर अंशतः नियंत्रण होते. काही साखर नियंत्रित दराने शिधापत्रिकेवर आणि उरलेली खुल्या बाजारात चढ्या भावाने. बरणीभर जेली म्हणजे घरच्या चहातून चिमूट चिमूट वाचविलेली साखर. तरीही त्या बरणीतील निम्मी जेली शेजारी जाई. बंगाली काकींकडून वाटी परत येई ती नारळाच्या नाडूंनी भरून. तेलुगू मावशींकडून आवकाय येई. रिकामी वाटी परत करावयाची नाही, हा नियम कोणत्याही राज्य पुनर्रचनेने मोडला नाही.

आईच्या पश्चात क्वार्टरमधून आणलेल्या सामानात तिची एक वही सापडली. कृती आहेतच, पण समासात बारीक अक्षरांत नोंदी आहेत: ‘बुध. ऑफ. नानकटाई ४०. साखर उरली १ वाटी.’ ‘शुक्र. ऑफ. जेली धरली नाही.’ ‘मंडळाचे हळदीकुंकू, नानकटाई १२०.’ ती नोंद वाचून मी थबकलो. आठ-आठच्या हिशेबाने १२० नानकटाया म्हणजे पंधरा वेळा ताट चढविणे आणि उतरविणे. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत अशा कार्यक्रमांच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असते: ‘अल्पोपाहाराची व्यवस्था महिला सभासदांनी केली.’ अध्यक्ष, वक्ते, देणगीदार यांची नावे आहेत. १२० नानकटाया कोणी भाजल्या त्याची नोंद नाही.

वही चाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. तीत ‘ऑफ’ हा शब्द जेथे जेथे आहे, तो वडिलांच्या सुट्टीचा आहे. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. आमच्या कार्यालयांना ३ जून १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा माझ्या वाट्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शनिवार आणि रविवार दोन्ही आले. वडिलांना आठवड्याचा एक वार मिळाला. आईला एकही मिळाला नाही. किंबहुना आमचा सुट्टीचा वार हा तिच्या सर्वाधिक कष्टाचा वार होता. १८९० च्या सभेत दोन स्त्रिया विश्रांतीसाठी बोलल्या होत्या. घरातल्या स्त्रीच्या विश्रांतीसाठी आम्ही घरातल्या घरातही कधी बोललो नाही. तिला नानकटाई आवडत होती का, हेसुद्धा मी तिला कधी विचारले नाही. ताटातली तुटलेली तेवढी ती खाई, इतके मला आठवते.

हे दुःख उगाळण्यासाठी लिहीत नाही. आज आपल्या मंडळातील तरुण जोडपी रविवारी मिळून केक करताना दिसतात, पीठ तो चाळतो आणि साखर ती मोजते, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु मंडळाच्या पुढील कार्यकारिणीला एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घराघरांत अशा वह्या आहेत: तेलकट, सुटलेल्या पानांच्या, दोऱ्याने बांधलेल्या. घर आवरताना त्या सर्वांत आधी रद्दीत जातात. त्या मागून घ्याव्यात, त्यांच्या प्रती काढून मंडळाच्या कपाटात इतिवृत्तांच्या शेजारी ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर लिहिणारीचे नाव घालावे. भिलाईत किती पोलाद निघाले, याची नोंद कारखान्याच्या दप्तरात सुरक्षित आहे. ते काढणाऱ्या माणसांना घरी आल्यावर सुट्टी वाटावी म्हणून कोणी किती भाजले, याची नोंद आपण नाही ठेवली, तर दुसरे कोणी ठेवणार नाही.

आरंभ म्हणून आईची वही मी मंडळाच्या स्वाधीन करीत आहे. जेली न धरल्याची नोंद तीत तीन ठिकाणी आहे. तीही तशीच राहू द्यावी.