बोललेलीं व्याख्यानें आणि राहिलेलीं व्याख्यानें

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली व पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें. ठाण्या-कल्याणच्या तरुणास मुंबईस जाऊन विद्वानांचीं व्याख्यानें ऐकणें आतां सुलभ झालें. परंतु ऐकलेलें घरीं आणण्यास स्मरणशक्ति व टिपणवही यांखेरीज त्याच्यापाशीं साधन नव्हतें.

याच विश्वविद्यालयाच्या विल्सन व्याख्यानमालेंत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७७ सालीं इंग्रजींतून सात व्याख्यानें दिलीं. संस्कृतापासून प्राकृत व अपभ्रंश यांच्या द्वारें मराठी, गुजराती, हिंदी इत्यादि भाषा कशा घडत आल्या, हा त्यांचा विषय. त्यांपैकीं कांहीं व्याख्यानें एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापलीं गेलीं; पण सर्वांचा मिळून ग्रंथ निघण्यास १९१४ साल उजाडावें लागलें. म्हणजे विसाव्या वर्षीं तीं ऐकणाऱ्याच्या हातीं ग्रंथ पडला तो सत्तावन्नाव्या वर्षीं!

योगायोग असा कीं, त्याच १८७७ सालीं अमेरिकेंत एडिसननें आपला फोनोग्राफ सिद्ध केला. मात्र कथलाच्या वर्खावर उमटविलेला आवाज चार-दोन वेळां वाजविला कीं झिजून जाई. तें यंत्र तेव्हां मुंबईंत असतें, तरी भांडारकरांचा आवाज आज ऐकूं आला नसता.

जतनाचें काम पुढें कागदानेंच केलें. कल्याणास १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय होतें. ठाण्यास 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारानें १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. भाव्यांनीं जुन्या पोथ्या मिळविण्यासाठीं जे कष्ट घेतले, तसे कष्ट बोललेल्या शब्दासाठीं फारच थोड्यांनीं घेतले, असें खेदानें म्हणावें लागतें.

पुढें चुंबकीय ध्वनिफीत आली. तिच्यावरील लोहकण चिकटवून ठेवणारा लेप दमट हवेंत पाणी शोषतो व फीत चिकट होते. ठाण्यासारख्या खाडीकांठच्या गांवीं तिची निगा राखणें कठीणच. २०२० सालीं टाळेबंदींत महाविद्यालयें बंद पडलीं, तेव्हां ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील अध्यापकांनीं घरांतूनच मोबाइलवर व्याख्यानें मुद्रित केलीं. मुद्रण सोपें झालें, जतन मात्र सोपें झालें नाहीं. मोबाइल बदलला, खातें बंद झालें कीं व्याख्यानहि जातें. वक्ता, विषय व तारीख यांची नोंद नसेल, तर तें असूनहि सांपडत नाहीं. प्रती निदान दोन ठिकाणीं असाव्यात आणि त्या अधूनमधून उघडून पाहणारा एक जबाबदार माणूस नेमलेला असावा. हजेरीपट जपणाऱ्या संस्थेस हें काम जड वाटूं नये.

भांडारकरांचा ग्रंथ आतां संगणकावरहि वाचावयास मिळतो. त्यांतील एक व्याख्यान देशी भाषांच्या उच्चारांविषयीं आहे. ते उच्चार वक्त्यानें त्या दिवशीं सभागृहांत कसे करून दाखविले असतील, तें वाचकानें आपल्याच तोंडानें अजमावून पाहावें लागतें.